सांध्याच्या अस्तरातील पहारेकरी



चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा बोनस, महागाई भत्ता किंवा कामगार कायदा यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची समजूत होती. आम्ही सांधेवाताचे नाव काढले तेव्हा चिटणीसांनी "नक्की हाच ना?" असे दोनदा विचारून घेतले. त्यांचे विचारणे रास्तच होते. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर, आणि अडलेला शब्द जाणत्या माणसाला विचारून. तेव्हा आज आम्ही आपणांस काही शिकवायला उभे नाही. एका चुकीपायी आम्हांला जे शिकावे लागले, त्याचा हिशेब आपल्यापुढे मांडणार आहोत.

ती चूक आधी सांगून टाकतो. पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरणारी एक बाई युनियनच्या कचेरीत आली. वय चाळिशीच्या आतले. "भाऊ, सकाळी उठलं की मूठ वळत नाही. पोरीची वेणी घालायची तर बोटं ऐकत नाहीत. दहा वाजले की हळूहळू हात सुटतो," असे ती म्हणाली. दोन्ही हातांची बोटे मुळाशी सुजलेली होती. आम्हांला जे येत होते ते आम्ही केले. "हे कामाच्या ताणाचं दुखणं आहे, ताई," असे सांगून मोकळे झालो, मालकाशी भांडलो, तिला पंधरा दिवसांची रजा आणि पुढे हलके काम मिळवून दिले. एक प्रकरण जिंकले म्हणून आम्हांला आनंदही झाला. पंधरा दिवसांच्या विश्रांतीने तिचे हात सुधारले नाहीत. सकाळचा आखडलेपणा वाढलाच. तरीही आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दोन वर्षांनी ती योग्य डॉक्टरपुढे गेली तेव्हा बोटे करंगळीच्या बाजूला कलली होती. अशी कललेली बोटे नंतर कोणत्याही गोळीने सरळ होत नाहीत. ते दोन वर्षांचे नुकसान तिचे झाले, आणि त्यात आमचा वाटा होता.

आपल्याकडे सांधे दुखले की 'वात धरला' म्हणतात. या एका शब्दाच्या पोटात निदान तीन निरनिराळी दुखणी राहतात. एक झिजेचे. ते बहुधा उतारवयात, गुडघ्यासारख्या भार सोसणाऱ्या सांध्यात येते. चालल्याने वाढते आणि बसल्याने थांबते. दुसरे युरिक आम्लाच्या खड्यांचे. ते एका रात्रीत, पुष्कळदा पायाच्या अंगठ्यात, आग लागल्यासारखे भडकते. तिसरे ते त्या बाईंचे. त्यास डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. इंग्लंडमधील आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ साली हे नाव रूढ केले. आपल्या जुन्या वैद्यकात माधवनिदानात 'आमवात' या रोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे सगळी सांधेदुखी एक नव्हे, ही जाण आपल्याकडेही जुनीच आहे.

या तिसऱ्या दुखण्याची खूण अशी की, ते विश्रांतीनंतर वाढते. सकाळी तासभर, कधी दोन-तीन तास सांधे आखडलेले असतात आणि हालचालीने सैल होतात. दोन्ही हातांचे, दोन्ही पायांचे लहान सांधे बहुधा जोडीने धरतात. ते तरुणपणीही येते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन-तीन पट अधिक आढळते. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी घरोघर जाऊन सांध्यांच्या रोगांची पाहणी सुरू केली. त्या पाहणीत या रोगाचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले. अर्धा टक्का म्हणजे दोनशे प्रौढ माणसांत एक. आकडा लहान वाटतो. पण ज्या शहरात एक लाख प्रौढ माणसे राहतात, तेथे त्याचे पाचशे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगात असे सुमारे १ कोटी ८० लाख रोगी असल्याचे सांगितले आहे.

आता मुख्य प्रश्न. झीज नाही, खडे नाहीत, मार लागलेला नाही. मग सांधा सुजतो कशाने? उत्तर थोडक्यात असे की, जे पेशींचे दळ जंतूंपासून आपले रक्षण करते, तेच सांध्यात मुक्काम ठोकते आणि स्वतःच्या घराची नासधूस करते. हे कसे घडते ते पाहायचे तर आधी निरोगी सांधा डोळ्यांपुढे आणला पाहिजे.

दोन हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढवलेली असतात. त्यांभोवती एक पिशवी असते आणि त्या पिशवीला आतून एक पातळ अस्तर असते. हे अस्तर किती पातळ? त्याचा आतला थर एक ते तीन पेशींच्या जाडीचा. त्यातून थोडेसे वंगण पाझरते. गुडघा आपला सर्वांत मोठा सांधा, पण निरोगी गुडघ्यातले हे वंगण चहाचा एक चमचाभरही नसते. या थरात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी राहतात. एक फायब्रोब्लास्ट, या विणकर पेशी. अस्तराचे धागे विणणे आणि वंगणाचा चिकटपणा तयार करणे हे त्यांचे काम. दुसऱ्या मॅक्रोफेज, या भक्षक पेशी. मेलेल्या पेशी, केरकचरा आणि जंतू गिळून टाकणे हे यांचे काम.

भक्षक पेशींचा शोध मोठा गमतीचा आहे. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे एल्या मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिलांत बारीक काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला! शरीराला स्वतःचे पहारेकरी आहेत ही कल्पना त्यातून आली, आणि १९०८ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. पण पहारेकरी म्हटले की काठी उगारलेलाच माणूस डोळ्यांपुढे येतो. सांध्यातले पहारेकरी तसे नाहीत. जर्मनीतील एर्लांगेन येथील संशोधकांनी २०१९ साली दाखवले की, उंदराच्या निरोगी सांध्यात भक्षक पेशींचा एक वर्ग एकमेकींना घट्ट बिलगून अस्तरावर कुंपण धरून उभा असतो. बाहेरचा दाह आत येऊ न देणे हे त्यांचे काम. सांध्यात रोग पेटला की हे कुंपण मोडते. म्हणजे ज्या पेशींना आपण दाहाचे कारण समजतो, त्यांच्याच कुळातल्या काही पेशी निरोगी दिवसांत दाहाला अडवून धरीत असतात.

मग बिघडते कोठे? बिघाडाची सुरुवात पुष्कळदा सांध्यात होतच नाही. आपल्या प्रथिनांत आर्जिनिन नावाचा एक घटक असतो. शरीरातील एक विकर त्याचे रूपांतर सिट्रुलिन नावाच्या दुसऱ्या घटकात करते. एवढ्यानेच प्रथिनाचा चेहरा बदलतो. ज्यांच्या वंशात तशी प्रवृत्ती आहे, त्यांच्यापैकी काहींची प्रतिकारशक्ती हा बदललेला चेहरा परका समजते. येथे आणखी दोन पेशी पुढे येतात. 'टी' पेशी म्हणजे ओळख पटवणाऱ्या आणि इशारा देणाऱ्या. 'बी' पेशी म्हणजे प्रतिपिंडे तयार करण्याची तयारी ठेवणाऱ्या. टी पेशींचा इशारा मिळाला की बी पेशी प्रतिपिंडे करू लागतात, आणि या वेळी ती शरीराच्या स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध असतात. डॉक्टर रक्तात 'अँटी-सीसीपी' तपासायला सांगतात ती याच प्रतिपिंडांसाठी.

आश्चर्याची गोष्ट अशी की, ही प्रतिपिंडे रक्तात आधी येतात आणि सांधा मागाहून दुखतो. हॉलंडमध्ये रक्तदात्यांचे रक्त साठवून ठेवलेले होते. त्यांतील ७९ जणांना पुढे हा रोग झाला. २००४ साली त्यांचे जुने नमुने काढून पाहिले, तेव्हा सुमारे निम्म्या लोकांच्या रक्तात रोगाची प्रतिपिंडे आधीच सापडली. ती दुखणे सुरू होण्याच्या मध्यमानाने साडेचार वर्षे आधीची होती! सांध्यात पहिली कळ येते तेव्हा घरातला वाद नवा नसतो; तो बराच आधी सुरू झालेला असतो, एवढेच की शेजाऱ्याला ऐकू आलेला नसतो.

पुढे अस्तरात जे घडते ते सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. एक ते तीन पेशींचा थर वाढून दहा आणि त्याहून अधिक पेशींचा होतो. नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या वाटांनी रक्तातून पेशींची भरती सुरू होते. रक्तवाहिन्यांभोवती टी पेशींचे पुंजके जमतात. काही रोग्यांत टी आणि बी पेशी मिळून गळ्यातल्या गाठीसारखी रचनाच अस्तरात उभी करतात. तेथे प्लाझ्मा पेशी जागच्या जागी प्रतिपिंडे तयार करतात. बॉस्टनच्या संशोधकांनी २०१७ साली या अस्तरात टी पेशींचा एक खास प्रकार ओळखला. बी पेशींना मदत करायची तर टी पेशी बहुधा लसिकाग्रंथीत जाऊन ती करतात. या मात्र रोगट सांध्यातच बसून ते काम करतात. सांध्यातील पाण्यात तर पांढऱ्या पेशींची झुंबड उडते. निरोगी सांध्यात त्या घनमिलिमीटरला दोनशेच्या आत असतात, आणि या रोगात त्यांची संख्या हजारांनी मोजावी लागते.

भक्षक पेशी या वेळी टीएनएफ नावाचे संदेशद्रव्य सोडतात. संदेशद्रव्य म्हणजे एका पेशीने दुसरीला पाठवलेला निरोप. या निरोपाने विणकर पेशी बिथरतात. बर्मिंगहॅम आणि ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २०१९ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, अस्तराच्या आतल्या भागातील विणकर पेशी दाह पेटता ठेवतात, आणि अगदी पृष्ठभागावरील विणकर पेशी कूर्चा व हाड यांची नासाडी करतात. सुजलेले अस्तर एखाद्या वेलीसारखे कूर्चेवर पसरत जाते. जेथे अस्तर हाडाला मिळते तेथे ऑस्टिओक्लास्ट नावाच्या हाड पोखरणाऱ्या पेशी तयार होतात आणि हाडाच्या कडा कुरतडतात. एकदा कुरतडलेली कड बहुधा पहिल्यासारखी भरून येत नाही. कांड्या भरणाऱ्या त्या बाईंच्या बोटांत त्या दोन वर्षांत हेच चालले होते. बाहेरून दिसत होती ती नुसती सूज.

या बंडाळीवर उपाय कसे निघाले, हा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. फिलिप हेंच यांनी १९२९ साली पाहिले की, एका रोग्याला कावीळ झाली आणि त्याचे सांधे दुखायचे थांबले. गरोदरपणातही पुष्कळ स्त्रियांना आराम पडतो, हेही त्यांच्या नजरेस आले. शरीरातच काहीतरी शामक द्रव्य असले पाहिजे असे मानून ते वीस वर्षे मागावर राहिले. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी पुढे कॉर्टिझोन म्हणून गाजलेले द्रव्य एका एकोणतीस वर्षांच्या स्त्रीला टोचले. जी धड चालू शकत नव्हती, ती थोड्याच दिवसांत चालत बाजारात गेली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखस्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु औषध थांबले की दुखणे परत येई, आणि मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, जंतूंचा प्रादुर्भाव होणे अशी किंमत मोजावी लागे. सगळ्या पहारेकऱ्यांना एकदम झोपवले तर दुसरे काय होणार? आजही स्टेरॉइड उपयोगी आहे, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली, कमीत कमी मात्रेत आणि थोड्या काळापुरते. बाजारात 'वातावर रामबाण' म्हणून बिननावाच्या पुड्या मिळतात. त्यांपैकी काहींत हेच स्टेरॉइड लपवून घातलेले सापडते. दोन दिवसांत आराम पडला म्हणून आपण ती पुडी डोक्यावर घेतो, आणि सांधा आतून पोखरला जातो तो जातोच.

दुसरे औषध मेथोट्रेक्सेट. याच्या जन्मकथेत आपल्या देशाचा एक सुपुत्र आहे. आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४० नंतरच्या दशकात फॉलिक आम्लाला विरोध करणारी द्रव्ये तयार झाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ती प्रथम वापरली गेली. १९५१ साली त्यांच्यापैकी एक द्रव्य सांधेवातावर वापरून पाहण्यात आले, आणि १९८० नंतरच्या चाचण्यांनी मेथोट्रेक्सेटचा गुण सिद्ध झाल्यावर १९८८ साली अमेरिकेत या रोगासाठी त्यास मान्यता मिळाली. ते आज या रोगावरचे पहिले औषध आहे आणि महागही नाही. एक गोष्ट मात्र गाठीशी बांधून ठेवावी. ही गोळी आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर ती जिवावर बेतते. गरोदरपणात ती चालत नाही, आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते.

तिसरी पायरी मात्र थेट या पेशींच्या अभ्यासातून निघाली. लंडनमध्ये केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी हे दोघे काम करीत. मैनी मूळचे लुधियानाचे. रोग्यांच्या सांध्यांतून काढलेल्या पेशी त्यांनी काचेच्या बशीत जगवल्या आणि त्या कोणकोणती संदेशद्रव्ये सोडतात ते मोजले. द्रव्ये डझनावारी निघाली. एक बंद केले तर बाकीची चालूच राहतील, असा जाणत्यांचा समज होता. पण १९८९ साली त्यांना आणि त्यांच्या सहकारी फियोनुला ब्रेनन यांना असे आढळले की, एक टीएनएफ अडवला तर दाहाचे दुसरे एक प्रमुख द्रव्यही ओसरते. म्हणजे येथे उतरंड होती. १९९२ साली टीएनएफला अडवणारे औषध वीस रोग्यांना देऊन पाहिले आणि गुण आला. १९९४ साली नियंत्रित चाचणीने तो पक्का झाला. या दोघांना २००३ साली लास्कर पारितोषिक मिळाले.

पण येथेही एक धडा आहे, आणि तो आपल्या देशाला विशेष लागू आहे. क्षयाचे जंतू पुष्कळांच्या शरीरात निद्रिस्त असतात. भक्षक पेशी त्यांच्याभोवती कोंडाळे करून त्यांना डांबून ठेवतात, आणि ते कोंडाळे टिकवायला टीएनएफ लागतो. औषधाने तो अडवला की काहींच्या शरीरात क्षय जागा होऊ लागला. २००१ साली हे उघडकीस आले. म्हणून हे औषध देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. आम्ही आयुष्यभर चळवळीत काढल्यामुळे म्हणा, आम्हांला यात एक गोष्ट फार पटली. सांध्यात जो उच्छाद मांडतो तोच छातीत पहारा देतो. त्यास शत्रू ठरवून भागत नाही. कोणत्या जागी, कोणता निरोप, किती अडवायचा, हे पाहावे लागते.

हे पाहण्याची साधने अलीकडे फार सुधारली आहेत. सांध्याच्या अस्तराचा सुईने तुकडा काढून त्यातील एकेका पेशीतील कामाचे हुकूम स्वतंत्र वाचता येतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या कामात ७९ जणांच्या अस्तरांतील ३ लाख १४ हजारांहून अधिक पेशी अशा वाचल्या गेल्या. त्यातून दिसले की एकाच नावाच्या या रोगाचे, अस्तरात कोणत्या पेशींची गर्दी आहे यावरून, सहा वर्ग पडतात. कोणाच्या सांध्यात टी आणि बी पेशींचा भरणा, कोणाच्या भक्षक पेशींचा, तर कोणाच्या मुख्यतः विणकर पेशींचाच. एका शेजारणीला लागू पडलेले औषध दुसरीला का लागू पडत नाही, याचे उत्तर येथे सापडू लागले आहे. लंडनमधील संशोधकांच्या नेतृत्वाखाली युरोपातील पाच देशांत १६४ रोग्यांवर झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अस्तर तपासून औषधे तोलली गेली. अस्तराच्या जनुकीय वाचनावरून ज्यांच्या सांध्यात बी पेशी थोड्या आढळल्या, त्यांना बी पेशी नाहीशा करणाऱ्या औषधापेक्षा वेगळा निरोप अडवणाऱ्या औषधाने अधिक गुण आला. नेहमीच्या दवाखान्यात ही तपासणी अद्याप रुळलेली नाही; पण दिशा कळली आहे.

आता सूज उतरली, दुखणे थांबले. मग रोग गेला काय? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आराम पडलेल्या रोग्यांचे अस्तर तपासले गेले. त्यांत भक्षक पेशींचा एक शांत करणारा वर्ग होता, जो विणकर पेशींना दुरुस्तीच्या कामाला लावतो. ज्यांच्यात हा वर्ग थोडा होता, त्यांचे औषध थांबवल्यावर रोग उलटण्याचा धोका अधिक निघाला. २०२१ साली आणखी एक गोष्ट दिसली. काही टी पेशी जुने वैर लक्षात ठेवून सांध्यातच वस्ती करून राहतात, आणि म्हणूनच पुष्कळदा तोच सांधा पुन्हा धरतो. जी सूज दिसत नाही, तिची आठवण अस्तराला असते. "आता बरं वाटतं, गोळ्या बंद केल्या," असे आपण सहज म्हणतो. औषध कमी करता येते, काहींचे पुढे बंदही होते. पण तो निर्णय डॉक्टरने तपासून घ्यायचा आहे. २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची या तिघांना मिळाले, ते शरीरावरच उलटणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या टी पेशींच्या शोधाबद्दल. दडपण्याइतकेच आवरणे महत्त्वाचे, हे त्या शोधाने पक्के झाले.

शेवटी कामाच्या जागेकडे येतो. त्या बाईंना आम्ही "कामाच्या ताणाचे दुखणे" म्हणालो, ते चूक होते. काम केल्याने सांधे झिजून हा रोग होत नाही. पण पुढे वाचता वाचता असे आढळले की, श्रमाने नसले तरी श्रमाच्या जागेतल्या हवेने याला हातभार लागू शकतो. १९५३ साली वेल्समधील डॉ. अँथनी कॅपलन यांनी कोळशाच्या खाणकामगारांच्या छातीची छायाचित्रे पाहिली. ज्यांना हा सांधेवात होता त्यांच्या फुप्फुसांत वेगळ्याच गोल गाठी दिसत होत्या. पुढे स्वीडनमधील संशोधनाने दगडाची, सिलिकाची धूळ घेणाऱ्या पुरुषांत या रोगाचा धोका वाढतो असे दाखवले. तेथीलच २००६ सालच्या अभ्यासाने धूम्रपानाचा धागा उलगडला. धुराने फुप्फुसात प्रथिनांचे ते सिट्रुलिनवाले रूपांतर वाढते, आणि वंशगत प्रवृत्ती असलेल्यांत त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती चेतते. आणि २०१६ साली मलेशियातील अभ्यासात दिसले की, कापडाच्या धंद्यातील धूळ घेणाऱ्या स्त्रियांत या रोगाचा धोका जवळजवळ तिप्पट आहे. हा आकडा वाचला त्या दिवशी आम्हांला झोप आली नाही. एकेका बाईविषयी तिला धुळीनेच रोग झाला असे कोणी सांगू शकणार नाही. परंतु पोटमाळ्यावरच्या बंद खोलीत कापसाचे तंतू उडत असताना कांड्या भरणाऱ्या बाया आम्ही वर्षानुवर्षे पाहिल्या. रजेसाठी, दरवाढीसाठी आम्ही भांडलो. खिडकीसाठी, धूळ ओढून घेणाऱ्या पंख्यासाठी भांडायला हवे होते, हे आम्हांला सुचले नाही.

तेव्हा या सगळ्यातून हातात काय घेऊन जायचे? बोटांच्या मुळाशी, मनगटात किंवा पायाच्या चवड्यात सूज आली, सकाळचा आखडलेपणा अर्धा-पाऊण तासाहून अधिक टिकला आणि दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर तेल चोळत बसू नये. युरोपातील तज्ज्ञांनी घालून दिलेला नियम असा की, सांध्यांवर सूज आल्यापासून सहा आठवड्यांच्या आत सांध्यांच्या तज्ज्ञाने रोग्याला पाहावे, आणि तीन महिन्यांच्या आत औषध सुरू व्हावे. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला असा तज्ज्ञ मिळत नाही. जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गाठावा लागतो. एक दिवसाची मजुरी बुडते हे खरे. ती बुडू नये अशी व्यवस्था करणे हे आमच्यासारख्यांचे काम आहे. विडी-सिगारेट सोडावी. धुळीच्या जागी ओल, वारा आणि पंखा यांची मागणी करावी.

रोग होण्यापूर्वीच त्यास अडवता येईल काय, याचेही प्रयत्न चालू आहेत. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आली आहेत, सांधे दुखतात, पण सूज नाही, अशा २१३ लोकांवर ब्रिटन आणि हॉलंडमध्ये झालेली चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. टी पेशींचा इशारा अडवणारे औषध वर्षभर दिले, तेव्हा औषध घेणाऱ्यांत शंभरी सहा जणांना रोग झाला, आणि न घेणाऱ्यांत शंभरी एकोणतीस जणांना. औषध थांबल्यावर हे अंतर कमी होत गेले. म्हणजे बंद दार पुन्हा उघडते. पण दार आहे, आणि ते लोटता येते, एवढे कळले.

त्या बाई आजही आहेत. वाकल्या बोटांनी भाकरी थापतात. औषधाने दुखणे आटोक्यात आहे. त्यांच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी सकाळी हात आखडू लागले, तेव्हा त्यांनी आम्हांला विचारायची वाट पाहिली नाही. तिसऱ्या आठवड्यात तिला घेऊन थेट मोठ्या दवाखान्यात गेल्या. मुलगी औषध घेते, कामावर जाते, आणि तिची बोटे सरळ आहेत. नंतर कचेरीत येऊन त्या आम्हांला म्हणाल्या, "भाऊ, या खेपेला तुमच्याकडे आले नाही, राग मानू नका." आम्ही काय राग मानणार!